मसाल्याच्या डब्यातले नातलग

२०१५ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये एका कंपनीची जिरेपूड दुकानांतून परत मागवली गेली. जिऱ्यात बदाम सापडला होता. निदान प्रयोगशाळेच्या अहवालात तरी तसे लिहिले होते. काळ संशयाचाच होता. अमेरिकेत त्याच सुमारास जिऱ्यात शेंगदाण्याचा अंश आढळल्याने शेकडो उत्पादने मागे घेतली जात होती आणि शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी जिरेपूड घातलेले पदार्थ टाळावेत, असे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितले होते. आदल्या हंगामात गुजरातेत जिऱ्याचे पीक घटले, भाव चढले, तेव्हा कुणीतरी स्वस्तातले काहीतरी दळून मिसळले असणार, असाही तर्क मांडला गेला. सिद्ध काही झाले नाही.

ब्रिटिश कंपनीला बदामाचा निष्कर्ष मान्य नव्हता. अन्नतपासणीवरून वाद झाला की तिथे ‘गव्हर्न्मेंट केमिस्ट’ या सरकारी रसायनतज्ज्ञाची प्रयोगशाळा पंच म्हणून काम करते. त्या प्रयोगशाळेने नमुन्यातला डीएनए तपासला आणि भलतेच निघाले. जिऱ्यात बदाम नव्हता, महलेब होता. महलेब म्हणजे एका रानटी चेरीच्या बीतला गर. तुर्कस्तान, ग्रीस आणि अरब देशांत तो दळून पावात, बिस्किटांत वासासाठी घालतात. चेरी आणि बदाम हे वनस्पतिशास्त्रात अगदी जवळचे, दोघेही ‘प्रुनस’ या एकाच गटातले. जूनमध्ये जिरेपुडीवरचा आदेश मागे घेण्यात आला. त्याच चौकशीत तपासलेल्या पॅप्रिकात, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीत, मात्र बदाम खरोखरच होता.

पहिली चाचणी फसली, ती का, हे पाहण्यासारखे आहे. ती प्रतिपिंडांवर चालते. बदामाच्या प्रथिनाला चिकटण्यासाठी तयार केलेली प्रतिपिंडे महलेबच्या प्रथिनालाही जाऊन चिकटली आणि यंत्राने ‘बदाम’ असा कौल दिला. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडेही याच तत्त्वावर काम करतात. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले, कारण महलेब ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नाही. बदाम खाल्ल्यावर ज्याचा घसा सुजतो, त्याच्यासाठीही ते मिटले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

स्वयंपाकघर वनस्पतींची विभागणी वापरावरून करते. काजू-पिस्ते सुकामेव्यात, जिरे-मोहरी मसाल्यात, हरभरा कडधान्यात, मेथी पालेभाजीतही आणि फोडणीतही. शेंगदाणा तर उपासाला चालतो म्हणून वेगळाच मान मिळवून बसला आहे. ही विभागणी सोयीची आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिने काम भागवले आहे. ॲलर्जीची गाठ पडली की मात्र ती गोत्यात आणते, कारण शरीर प्रथिने ओळखते आणि प्रथिने वनस्पतींच्या घराण्यांनुसार जुळतात. आपल्याकडचा पाकिटांवरच्या मजकुराचा कायदा अजून स्वयंपाकघराच्याच विभागणीवर उभा आहे. तो बदलायला हवा. पण त्याआधी ही नाती नेमकी कशी असतात ते पाहायला हवे, कारण नात्यांचा बाऊ करण्यानेही नुकसान होते.

अन्नाची खरी ॲलर्जी म्हणजे शरीराने एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू ठरवणे. ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात, त्वचेतल्या, आतड्यातल्या, श्वासमार्गातल्या मास्ट पेशींवर बसून राहतात आणि ते प्रथिन पुन्हा आले की पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, दम लागतो. प्रकरण वाढून रक्तदाब कोसळला तर जीवावर बेतते. त्या तीव्र झटक्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. आपल्याकडे यातल्या पहिल्या पायरीला ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते आणि काय खाल्ले होते, हा प्रश्न मागे पडतो.

प्रतिपिंड अख्खे प्रथिन ओळखत नाही, त्याचा एक छोटासा भाग ओळखते. सोसायटीच्या रखवालदाराने चोराचा चेहरा न पाहता फक्त टोपी लक्षात ठेवावी आणि पुढे तशी टोपी घालून येणाऱ्या प्रत्येकाला अडवावे, तसे हे चालते. बियांमध्ये कोवळ्या रोपासाठी साठवलेली प्रथिने असतात आणि एकाच घराण्यातल्या झाडांत ती बरीचशी सारखी असतात. त्यांतली ‘२एस अल्ब्युमिन’ नावाची प्रथिने विशेष चिवट. आकाराने लहान, गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेली. भाजून, तळून किंवा जठररसात पडूनही ती सहजी मोडत नाहीत. काजू खारवलेला असो, शाही पनीरच्या रश्शात वाटलेला असो की कतलीत थापलेला, ॲलर्जी असलेल्याला त्याने फारसा फरक पडत नाही, तो याचमुळे.

काजूचेच घराणे घेऊ, कारण महाराष्ट्र आणि गोवा यांच्याइतका त्याचा गोतावळा क्वचितच कुठे एकत्र नांदत असेल. शास्त्रज्ञ त्याला ‘ॲनाकार्डिएसी’ म्हणतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू त्यातला, आपला आंबा त्यातला, खिरीवर आणि श्रीखंडावर पेरली जाणारी चारोळी त्यातली, रानात उगवणारा बिब्बा आणि अंबाडाही त्यातलाच. पिस्ता याच घरातला. अरबी जेवणात हमसवर भुरभुरला जाणारा आंबट, जांभळट सुमाक याच घरातला. आणि काळ्या मिरीशी काडीचेही नाते नसलेली गुलाबी मिरीदेखील.

काजू आणि पिस्ता यांचे नाते सर्वांत पक्के. दोघांची २एस अल्ब्युमिने इतकी जुळतात की एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची आहे का, हे डॉक्टरला विचारावेच लागते. इस्रायलमधल्या ‘नट क्रॅकर’ या अभ्यासात रुग्णांना देखरेखीखाली प्रत्यक्ष खायला घालून हे तपासले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या सगळ्यांनाच काजूचीही होती; काजूची असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना पिस्ता चालला नाही. अक्रोड आणि अमेरिकेतला पिकॅन नट ही दुसरी अशीच जोडी. हे आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचावेत: काजू न चालणाऱ्या तिघांपैकी एकाला पिस्ता खुशाल चालत होता. पक्क्या नात्यातही सूट असते, पण ती घरी चाखून शोधायची नसते.

गुलाबी मिरीची गोष्ट जास्त फसवी. दक्षिण अमेरिकेतल्या दोन झाडांची ही फळे. मिरीच्या दाण्याएवढी, गुलाबी, कुरकुरीत सालीची, किंचित गोडसर. काळी, पांढरी, हिरवी आणि गुलाबी अशा चार रंगांच्या मिऱ्या एकत्र घातलेल्या काचेच्या गिरण्या महागड्या दुकानांत दिसतात; त्यांतल्या पहिल्या तीन खऱ्या मिरीच्या, एकाच वेलीच्या. चौथी काजूची नातलग. काजू-पिस्त्याची ॲलर्जी असलेल्यांना गुलाबी मिरीचाही धोका आहे, असे २०१९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांनी स्पष्टपणे मांडले. एखाद्या हॉटेलात वाढप्याला ‘यात काजू आहे का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. आचारीही नाहीच म्हणेल. दोघांपैकी कुणीही खोटे बोललेले नसेल.

बिब्ब्याकडे वळले की गोष्ट थेट आपल्या परसात येते. विदर्भ-मराठवाड्यात बिबे फोडून त्यांतली गोडंबी काढण्याचे काम गोरगरीब बायका करतात. बिब्ब्याच्या सालीतले तेल हातावर उडाले की कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग राहतात. गोडंबी मात्र चवीला बदामासारखी. ती डिंकाच्या लाडवात, बाळंतिणीच्या खुराकात पडते. कोकणात ओले काजूगर सोलणाऱ्या बायकाही हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, कारण काजूच्या टरफलातले तेलही तसेच जाळणारे. नवख्या माणसाने उसळीसाठी हौसेने ओले काजू सोलले तर दुसऱ्या दिवशी बोटांची साले निघतात. आंब्याच्या देठातून उडणारा चीक ओठांभोवती लागला की चट्टे उठतात, हे तर कोकणातल्या पोरांनाही ठाऊक असते. तिन्ही ठिकाणी दोषी एकाच जातकुळीची तेलकट रसायने आहेत, आणि जपानी लाखेच्या झाडातले, तसेच अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या वेलीतले ‘उरुशिओल’ त्यांचेच भाऊबंद.

इथे मात्र थांबून एक फरक लक्षात घ्यायला हवा, नाहीतर सगळेच एका पोत्यात जाते. चीक आणि टरफलाच्या तेलामुळे उठणारे चट्टे ही वेगळी प्रतिक्रिया आहे. तिच्यात आयजीईचा हात नसतो. काम करतात त्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांना वेळ लागतो. चट्टे कधी तासांनी, कधी दोन दिवसांनी येतात. त्याने कातडी सोलवटते, श्वास बंद पडत नाही. पण नात्याचा नियम इथेही लागू होतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर आणि कंबरेवर चमत्कारिक पुरळ उठू लागले, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी माग काढला तो धोब्यापर्यंत. कपड्यांवर ओळखीची खूण करायला धोबी बिब्ब्याचा रस वापरत, आणि पुरळ नेमके त्या खुणेखाली उठत होते. इस्रायलमध्ये आंबे तोडायला गेलेल्या अमेरिकी तरुणांच्या अंगावर चट्टे आले आणि शेजारी तेच काम करणाऱ्या स्थानिकांना काहीच झाले नाही, अशीही नोंद आहे. अमेरिकी मुले लहानपणी पॉयझन आयव्हीत खेळलेली होती; त्यांच्या शरीराची तयारी आधीच झाली होती. आंब्याने फक्त निमित्त पुरवले.

मग काजूची ॲलर्जी असलेल्याने आंबा सोडायचा का? नाही. काजूत आपण बी खातो, आंब्यात गर खातो, आणि बीतली साठवणीची प्रथिने गरात नसतात. काजू न चालणारे बहुतेक लोक हापूस मजेत खातात. एकाच घराण्यातले असणे हा संशयाचा आधार आहे, गुन्ह्याचा पुरावा नव्हे. चारोळी आणि गोडंबी यांचे तसे नाही. त्या बियाच आहेत. काजूने ज्याला एकदा दवाखान्यात पोचवले आहे त्याने श्रीखंडावरची चारोळी ‘ती कुठे काजू आहे’ म्हणून तोंडात टाकण्याआधी डॉक्टरशी बोलावे.

दुसरे घराणे शेंगांचे. शेंगदाणा हा नावाप्रमाणेच शेंगेतला दाणा. बदाम-अक्रोडाशी त्याचे रक्ताचे नाते नाही. त्याचे सोयरे म्हणजे हरभरा, उडीद, मूग, सोयाबीन, वाटाणा, आणि मेथी. मेथीचे नाव या यादीत ऐकून भले भले चमकतात, कारण आपल्या डोक्यात ती मोहरी-जिऱ्यांच्या ओळीत बसलेली असते. नॉर्वेमध्ये अन्नामुळे होणाऱ्या तीव्र ॲलर्जीची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. तिथे शेंगदाण्याच्या काही रुग्णांना करी मसाल्याच्या पदार्थांनी त्रास होत असल्याचे दिसले. संशोधकांनी मसाल्यातल्या मेथीची प्रथिने तपासली आणि शेंगदाण्याविरुद्धची प्रतिपिंडेच मेथीलाही ओळखत असल्याचा निष्कर्ष २००९ साली मांडला. उत्तर युरोपात, जिथे मेथी भाजी म्हणून कुणी खात नाही, तिथे ती ‘करी पावडर’ या दोन शब्दांआड लपून जेवणात शिरली होती.

आपल्या डॉक्टरांना मेथीचा संशय त्याच्या कितीतरी आधी आला होता. मुंबईतल्या वैद्यकीय संशोधकांनी १९९७ मध्ये मेथीच्या ॲलर्जीचे दोन रुग्ण एका अमेरिकी नियतकालिकात नोंदवले. एकाला मेथीची पूड नाकात गेल्याने शिंका, घरघर आणि भोवळ आली. दुसऱ्याने कोंड्यावर उपाय म्हणून मेथीचे वाटण डोक्याला लावले, तर चेहरा सुजला आणि छाती भरून आली. केसांना मेथी लावणे हा किती निरागस घरगुती उपाय! याच संशोधकांनी २००१ साली हरभरा हा भारतीय उपखंडातला महत्त्वाचा ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे लिहिले. मेतकुटात काय असते आठवून पाहा: हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मेथी. शेंगघराण्याची तीन माणसे एका चमच्यात, वर मोहरी आणि हिंग. आजारातून उठलेल्याला मऊ भातावर आपण तेच वाढतो. बहुतेकांना ते मानवते हे खरे. पण ज्या एखाद्याला मानवत नाही, त्याचे दुखणे ‘पचायला जड’ या खात्यात जमा होते.

धने, जिरे, शहाजिरे, बडीशेप, ओवा, शेपू, गाजर, कोथिंबीर आणि हिंग हे सगळे एकाच घराण्याचे. गोडा मसाला करायला घेतला की त्यातले चार-पाच जण आधीच हजर असतात. युरोपात सेलरी या भाजीपासून सुरू होणारी आणि धने-बडीशेपेपर्यंत पोचणारी ॲलर्जी डॉक्टरांना चांगली परिचित आहे. तिथे तिचे मूळ बर्च झाड आणि मगवर्ट या तणाच्या परागकणांत असते. आधी नाक परागकणांवर चिडते, मग तोंड मसाल्यावर. महाराष्ट्रात बर्चची वने नाहीत, तेव्हा तिथले गणित जसेच्या तसे इथे लावून जिरे-धन्यांना घाबरण्याचे कारण नाही.

मोहरीचे प्रकरण अधिक गंभीर. तिच्यातले मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन पुन्हा तेच, चिवट २एस अल्ब्युमिन. युरोपीय संघाने मोहरीला आपल्या चौदा ॲलर्जीकारकांच्या यादीत घेतले आहे, कॅनडातही ती यादीत आहे. अळीव तिच्याच घराण्यातला, हे अळिवाचे लाडू वळणाऱ्यांना सांगायला हवे.

नाती नसतानाही नावावरून किंवा रूपावरून फसगत होते, तीही थोडी पाहावी. जायफळाला इंग्रजीत ‘नट’ जोडलेले आहे म्हणून परदेशात सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेले लोक जायफळ टाळतात. त्याचा काजू-बदामाशी संबंध नाही. शिंगाड्याचेही तसेच. नारळाला अमेरिकेच्या प्रशासनाने अनेक वर्षे ‘ट्री नट्स’च्या यादीत बसवले होते. २०२५ च्या जानेवारीत ती यादी छाटून बारांवर आणली, तेव्हा नारळ एकदाचा बाहेर पडला. ओले खोबरे खाऊन मोठ्या झालेल्या कोकणी माणसाला हे हसू येण्यासारखे वाटेल, पण अमेरिकेत वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला काजूच्या ॲलर्जीपायी सोलकढीही बंद झाली असेल, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. अनावश्यक पथ्य हीसुद्धा इजाच.

अनावश्यक पथ्याचा धंदा आपल्याकडे जोरात आहे. रक्ताच्या एका नमुन्यावर शेकडो पदार्थांची ‘सहनशीलता’ तपासून देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच ‘आयजीजी’ या वेगळ्याच प्रतिपिंडांवर आधारलेल्या असतात. ती प्रतिपिंडे आपण जे खातो त्याविरुद्ध कुणाच्याही रक्तात असू शकतात; त्यांवरून ॲलर्जीचे निदान करू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच बजावले आहे. आयजीईची चाचणी योग्य आहे, पण तीही एकटी पुरत नाही. बंगळुरू आणि म्हैसूर इथल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले. प्रत्यक्ष अन्नाची ॲलर्जी असल्याचे दिसले ते फक्त १.२ टक्के लोकांत. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणून निम्मे ताट रिकामे करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नात्यातल्या पदार्थांच्या बाबतीत तर चाचणी हमखास जास्तीचे बोलते, कारण रक्तातल्या प्रतिपिंडांना टोपी दिसते, एवढेच ती सांगते.

याचा अर्थ १.२ टक्के म्हणजे किरकोळ, असा कुणी काढला तर तो चूक आहे. इतक्या मोठ्या लोकसंख्येच्या देशात ती माणसे लाखोंनी असतात, आणि त्यांना पाकिटावरचा मजकूर हा एकच आधार असतो. तो आधार कसा आहे? भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या २०२० च्या नियमांत ॲलर्जीकारकांची यादी आहे: ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट. मोहरी नाही. तीळही नाहीत. ज्या देशात दुपारच्या वरणापासून संक्रांतीच्या लाडवापर्यंत हे दोन पदार्थ पसरलेले आहेत, त्या देशाच्या यादीत ते नसावेत, याचे समर्थन करणे कठीण आहे. अमेरिकेने २०२३ च्या १ जानेवारीपासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला.

नियम पदार्थाचे नाव लिहायला सांगतात, तरी अनेक पाकिटांवर ‘ट्री नट्स’ एवढाच शब्द छापलेला असतो. कुठले? पिस्ता चालत नाही पण बदाम चालतो, अशा माणसाने काय करायचे? घटकांच्या यादीत तर ‘मसाले’ या एका शब्दावर भागवण्याची मुभाच आहे. त्या शब्दाआड मेथी असते, मोहरी असते, उद्या सुमाक आणि गुलाबी मिरीही असेल. मिश्रणाचे गुपित राखायचे म्हणून उत्पादक या मुभेला चिकटून राहतात. गुपित प्रमाणात असते, नावांत नसते. गोड्या मसाल्यात काय पडते हे कुणालाही ठाऊक आहे, किती पडते ते ज्याचे त्याला. नावे छापल्याने कुठल्याच घराण्याचा मसाला बुडणार नाही.

कायदा नाती शिकू शकतो, याचे उदाहरणही आहे. ल्युपिन हे युरोपात पिठात मिसळले जाणारे एक कडधान्य. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना ते चालत नाही, हे नव्वदच्या दशकात लक्षात आले आणि २००६ साली युरोपीय संघाने ल्युपिनला यादीत घेतले. संशयित नातलग सापडला, पुरावा तपासला, नाव छापायला लावले. आपल्याकडे मेथीबाबत हेच करता येईल. निदान ती मसाल्यात असेल तर तिचे नाव लिहायला लावण्यात काही अडचण नसावी.

निर्यात करणाऱ्यांनी तर स्वतःहून पुढे व्हावे. २०२४ च्या सप्टेंबरात ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मोहरी घातलेले सर्व पदार्थ टाळायला सांगितले, कारण भारतातून आलेल्या मोहरीत शेंगदाण्याचा अंश सापडला होता. यात नात्याचा संबंध नव्हता. ही सरमिसळ होती, शेतातली, गोदामातली किंवा गिरणीतली. पण परिणाम तोच. देशातल्या बाजाराची कथा तर याहून उघडीवाघडी आहे. शेंगदाणे हिरवे रंगवून, कातरून ‘पिस्ता’ म्हणून मिठाईवर पेरले जातात. नागपुरात असा माल पकडला गेल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. याला आपण भेसळ म्हणतो आणि ग्राहकाचे पैसे बुडाले म्हणून हळहळतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाने तो ‘पिस्ता’ खाल्ला, तर बुडणारी गोष्ट पैसा नसते. अन्न व औषध प्रशासनाने अशा प्रकरणांत दंडाची रक्कम ठरवताना हे लक्षात घ्यायला हवे.

सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढे ‘या तारखेपर्यंत खावे’ अशी पाटी लावण्याची सक्ती २०२० च्या ऑक्टोबरात आणली गेली. त्याच पाटीवर काजू, पिस्ता, शेंगदाणा, तीळ यांतले काय आहे, हे लिहायला आणखी एक ओळ पुरेल. केटरिंगवाल्यांनीही लग्नाच्या जेवणावळीत ते सांगावे. पंगतीत वाढताना ‘रश्शात काजू आहे’ म्हणणारा वाढपी ठेवायला खर्च येत नाही.

वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांच्या घरात काजूची, शेंगदाण्याची किंवा मोहरीची खरी, डॉक्टरने निदान केलेली ॲलर्जी आहे, त्यांनी त्या पदार्थाच्या नातलगांची यादी डॉक्टरकडूनच करून घ्यावी आणि कोणते चालतात तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. हॉटेलात ‘नट्स आहेत का’ असे न विचारता काजू, पिस्ता, चारोळी अशी नावे घेऊन विचारावे. आपोआप टोचले जाणारे ॲड्रिनॅलिनचे पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. साधी कुपी मात्र स्वस्त असते, तेव्हा ती घरी ठेवावी का आणि कशी द्यावी, हे डॉक्टरकडून शिकून घ्यावे. आणि खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधींसोबत दम लागला, आवाज बसला, वारंवार उलटी झाली किंवा भोवळ आली, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळेल अशा जवळच्या रुग्णालयात रुग्णाला आडवे ठेवून तडक न्यावे. दम लागत असेल तर बसवून न्यावे, चालवत नेऊ नये.